भागवत एकादशीचे रोडगे

माझा डावा पाय ठेवायचा की गुडघ्याखालून काढायचा, हे दोन दिवसांत ठरवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझी वेणूआत्या खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसली होती. ऑफिसातून घरी येताना ट्रकनं माझ्या स्कूटरला धडक दिली होती. हाड मोडलं त्याचं एवढं नव्हतं, पण जखम आतून सडू लागली होती. डॉक्टर गेल्यावर माझी पत्नी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. आत्या उठली नाही, रडली नाही. तिनं फक्त पांघरूण बाजूला करून पायाच्या अंगठ्याला हात लावला आणि म्हणाली, "हलव पाहू." अंगठा किंचित हलला असावा. "हलते गा, बाबू," ती म्हणाली, "हलते अजून." मग ती डोळे मिटून बराच वेळ गप्प बसली. त्या गप्प बसण्यात तिनं काय केलं, ते मला पुढे कित्येक महिन्यांनी कळलं.

मी स्वभावानं हिशेबी माणूस आहे. नोकरीही आकड्यांचीच. देवाला नमस्कार करत आलो, पण देव आपल्या पायात लक्ष घालतो असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्या खाटेवर तर मुळीच वाटत नव्हतं. म्हणून या लिखाणात मी जे पाहिलं तेवढंच लिहिणार आहे. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं. पण त्याआधी आत्या कोण होती ते सांगायला हवं, कारण ती कोण होती हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्याविषयी सांगायची संधी मी कधी सोडत नाही.

वेणूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं लग्न नागपूरजवळच्या कुहीच्या पलीकडे एका लहानशा गावात झालं होतं. नवरा पहिलवान, गावाबाहेरच्या मारोतीच्या देवळामागे त्याचा आखाडा. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तो पटकीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. वडील तिला नागपूरला घेऊन आले. त्या काळी अशा बाईनं भावाच्या घरी स्वयंपाक करावा, दळण-कांडण करावं, हे ठरलेलं असे. आत्यानं वडिलांना विचारलं, "मले कसरत शिकाची हाये. शिकवतोस का?" वडिलांनी आधी तिच्याकडे आणि मग आजीकडे पाहिलं. आजी महिनाभर बोलली नाही. पण वडिलांनी तिला अमरावतीला शिकायला पाठवलं. ती व्यायामशिक्षिका होऊन परत आली आणि निवृत्त होईपर्यंत सीताबर्डीजवळच्या एका मुलींच्या शाळेत कवायत, लेझीम आणि लाठी शिकवत राहिली.

साठ सालानंतरची वेणूआत्या मला लख्ख आठवते. फिकट नऊवारी, कासोटा घट्ट, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. बर्डीच्या रस्त्यानं ती शाळेत चालत निघाली की दुकानदार वाट द्यायचे. तिचा आवाज असा होता की मैदानाच्या एका टोकाला तिनं "सावधान" म्हटलं की दुसऱ्या टोकाचा चणेवालाही ताठ उभा राहायचा. एकदा एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आमच्या घरी आले. म्हणाले, "बाई, माझी पोरगी तुमच्यापायी छाती काढून चालते. उद्या हिच्याशी लगन कोण करंन?" आत्यानं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "पाठीचा कणा सरळ हाये म्हणून छाती निघते, भाऊ. होणाऱ्या जावयाले सांगा, पोरीसंगं कणा फुकट भेटून राहिला." ते गृहस्थ चहा संपेपर्यंत हसले नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांनी धाकटीलाही त्याच शाळेत घातलं.

मारोती हा तिचा देव. कसरत करणाऱ्याचा दुसरा देव कोणता असणार? पण बाईमाणसानं मारोतीला शिवू नये अशी आमच्याकडे रीत, आणि आत्या ती पाळायची. माझ्या पत्नीनं एकदा तिला विचारलं, "आत्याबाई, एवढी भक्ती करता, आणि हात लावून नमस्कारही करू देत नाही तो. राग नाही येत?" आत्या म्हणाली, "काहून राग येईन वं? तो मले हात लावत नाही, मी त्याले हात लावत नाही. दोघंही आपापल्या कामात." शनिवारी ती मारोतीपुढे उभी राहायची ती हात जोडून नव्हे, तर हात मांड्यांना चिकटवून, कवायतीला उभी राहिल्यासारखी.

निवृत्तीनंतर ती आमच्याबरोबर प्रतापनगरला राहायला आली. आम्ही तिथं नुकतंच घर बांधलं होतं. मी दवाखान्यातून पाय शाबूत घेऊन त्या घरी परतलो. नव्या औषधानं जखम आटोक्यात आली, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी ते तसंच लिहितो. पण पाय राहणं वेगळं आणि पाय चालणं वेगळं. तिथं औषधाचं काही चाललं नाही. तिथं वेणूआत्या होती. अंगणात कडुनिंबापासून फाटकापर्यंत ती मला चालवायची. मी भिंत धरली की ओरडायची, "भिंत काय तुझी मामी हाये का गा? सोड तिले!" शेजारपाजारचे गच्चीवरून पाहायचे. चाळिशी उलटलेला माणूस, दोन मुलांचा बाप, आणि पंचाहत्तरीची म्हातारी त्याला "एक दोन, एक दोन" करत फिरवते आहे. मला लाज वाटायची. तिला नाही वाटायची.

ज्या दिवशी मी काठीशिवाय फाटकाला हात लावून परत आलो, त्या दिवशी ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "झालं. आता मारोतीचे रोडगे करा लागतात." तेव्हा कळलं की दवाखान्यात डोळे मिटून ती नवस बोलली होती. पाय राहिला आणि चालता झाला तर तिच्या सासरच्या गावच्या मारोतीपुढे पाच पायल्यांचे रोडगे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रोडगे म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचे, ओवा-मीठ घालून घट्ट मळलेले गोळे. ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे, वर तूप ओतायचं, आणि वांग्याची भाजी आणि तुरीच्या वरणाबरोबर खायचे. घरी कोणी हौसेनं केले तर ती मेजवानी. पण नवसाचे रोडगे देवाच्या दारात, उघड्यावर भाजतात आणि तिथंच दिवस मावळायच्या आत संपवतात. ते गावच्या शिवेबाहेर न्यायचे नाहीत, घरी आणायचे नाहीत, आणि टाकायचे तर नाहीतच. माणसांनी पोटभर खाल्ले तरच नवस फिटला. पाच पायल्या म्हणजे साठ-सत्तर माणसांचं जेवण होतं.

मी आत्याला म्हणालो, "देवाशी हा करार कशाला केला? पाय राहिला नसता तर नसते केले, असंच ना?"

"करार नाही गा तो," ती म्हणाली. "मले भेव वाटत होतं. भेव ठेवाले जागा लागते, बाबू. सूनबाईपाशी ठेवता येत नव्हतं, ती आधीच भिऊन राहिली होती. तुह्यापाशी तर कसं ठेवू? मग त्याच्यापाशी ठेवलं. आता तो म्हणीन, बाई, तुहं सामान घेऊन जाय."

नवस लवकर फेडायचं एक कारण होतं, आणि ते तिनं स्वतः कधी बोलून दाखवलं नाही. त्या पावसाळ्यात तिला दम लागू लागला होता. हृदय मोठं झालं आहे, श्रम नको, प्रवास नको, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिला ते न सांगताही कळलं असावं. "हा हिवाळा भेटला, पुढचा भेटन का नाही त्याले माहीत," एवढंच ती म्हणाली. हा नवस तसाच मागे राहिला तर ती शांतपणे डोळे मिटणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी होकार दिला.

दिवस ठरवताना आम्ही सगळेच फसलो. मार्गशीर्षातला शनिवार हवा होता, कारण वार मारोतीचा. शुक्रवारी एकादशी होती. आमचं घर स्मार्त, म्हणजे कॅलेंडरात एकादशी दोन दिवस छापली असेल तर आम्ही पहिला दिवस धरतो. आत्या म्हणाली, "बेस झालं. शुक्रवारी उपास, शनिवारी मारोतीच्या दारात पारणं." शनिवारच्या चौकटीतही बारीक अक्षरात भागवत एकादशी लिहिली होती. ती आम्ही वाचली नाही असं नाही. आमची नव्हती, म्हणून ती डोळ्यांत शिरली नाही.

गावात सखारामबुवा होते. आत्याच्या नवऱ्याचे आखाड्यातले सोबती, आता म्हातारे झालेले, गळ्यात तुळशीची माळ. कुहीच्या बाजारातून येणाऱ्या एका माणसाबरोबर आम्ही त्यांना निरोप पाठवला, शनिवारी पाच पायल्यांचे रोडगे करायला येतो. त्यांचा उलट निरोप आला, या, गोवऱ्या आणि हात दोन्ही तयार ठेवतो.

शनिवारी उजाडता आम्ही एका भाड्याच्या मेटॅडोरनं निघालो. आत्या, मी, माझी पत्नी, दोन मुलं, आणि पीठ, वांगी, डाळ, तूप. मेटॅडोरवाल्याचं दुसरं भाडं होतं. आम्हाला उतरवून तो संध्याकाळी येतो म्हणून परत गेला. गाव ओट्यांवर बसलं होतं. आत्या उतरली तशी म्हाताऱ्या बायका पुढे आल्या. ज्या गावातून ती तरुणपणी डोक्यावर पदर ओढून गेली होती, त्या गावात ती पांढऱ्या बुटांनी उतरली. एक बाई तिचे बूट पाहत म्हणाली, "वेणूबाई, तू तं फौजदार झाली वं!"

"फौजदारीणच," आत्या म्हणाली. "पीठ कोण मळते? रांगेत या."

सगळं गाव कामाला लागलं, आणि मी ते कौतुकानं पाहत होतो. बाप्यांनी पीठ मळलं, बायकांनी वांगी चिरली, गोवऱ्या रचल्या गेल्या. आत्या मारोतीपुढे हात मांड्यांना चिकटवून ताठ उभी राहिली आणि मग तिनं गोवऱ्यांना आग दिली. निखारे धगधगले तसे रोडगे आत गेले. खरपूस वास सुटला. मी सखारामबुवांना सहज विचारलं, "बुवा, गाव जेवायला केव्हा बसेल? पंगत दोनदा बसवावी लागेल ना?"

बुवांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "गाव? भाऊ, आज भागवत एकादशी हाये. माळकऱ्यांचं गाव आमचं. पाण्याबिगर काही चालत नाही. तुम्ही नागपूरहून माणसं आणणार होते ना?"

"आम्ही? आम्ही तर गाव जेवेल म्हणून..."

बुवांनी कपाळाला हात लावला. ज्या चार-दोन घरांत माळ नव्हती, ती माणसं आदल्याच दिवशी एका लग्नाला गेली होती. उपाशी गाव आमचे रोडगे करत होतं, आणि खाणारं कोणी नव्हतं. आम्ही पाचजण होतो आणि निखाऱ्यात साठ-सत्तर माणसांचं अन्न होतं.

आत्याला सांगणं माझ्यावर आलं. ती देवळाच्या पायरीवर बसली होती, एका हातानं छाती चोळत. मी सांगितलं तसा तिचा हात थांबला. तिचा चेहरा मी आयुष्यात प्रथमच उतरलेला पाहिला. हळूच म्हणाली, "माह्यीच चूक. मीच म्हटलं शनिवार." माझी पत्नी तिच्याजवळ जाऊन बसली. बुवा म्हणाले, "वेणूबाई, लेकराबाळांले खाऊ घालू, गाईले घालू." आत्यानं मान हलवली. "लेकरं किती खातीन, बुवा? आन गाईले एक चालते, टोपलं नाही चालत."

मला राग आला होता. कोणावर ते सांगता येणार नाही. बहुधा मारोतीवरच. एवढ्या म्हाताऱ्या बाईला इतक्या दुरून बोलावून असं तोंडघशी पाडायचं काय कारण होतं? मी म्हणालो, "दुसऱ्या गावाला कोणाला तरी पाठवू." बुवांनी सांगितलं, जवळचं गावही माळकऱ्यांचंच.

तेवढ्यात आत्या उठली. माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पायाकडे. "सडक किती दूर हाये?" तिनं बुवांना विचारलं. मैलभर, बुवा म्हणाले. "मग जाय," ती मला म्हणाली. "जो दिसन त्याले म्हण, जेवाले चाला. पाय भेटला तो कशाले? रोडगे भाजणं माह्यं काम होतं. खाणारे आणणं त्याचं काम हाये. तू फक्त जाऊन उभा राह्य."

मी निघालो. पांदणीचा रस्ता, ढेकळं, दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाची शेतं. एवढा मी अपघातानंतर कधी चाललो नव्हतो. अर्ध्या वाटेत पाय ठणकू लागला. समोर माणूस नाही, बैलगाडी नाही. मी चालत होतो ते श्रद्धेनं नाही. परत जाऊन तिला कोणी नाही म्हणून सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून चालत होतो. असं किती वेळ चाललो कोण जाणे, पण समोरून खाकी कपड्यातला एक माणूस घामाघूम होऊन येताना दिसला.

मला पाहून तो लांबूनच ओरडला, "भाऊ, तिकडं धूर दिसून राहिला, घरं हायेत का? पाणी भेटन का?" जवळ आल्यावर त्यानं सांगितलं की तो एका भाड्याच्या बसचा ड्रायव्हर. चार-पाच गावच्या लोकांनी मिळून शंकरपट पाहायला, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत पाहायला, बस केली होती. पहाटे निघाले, तिथल्या दुकानांवर खाऊ म्हणून कोणी भाकरी बांधून घेतली नव्हती. नाल्याच्या उतारावर बसच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. जोडीदार सामान आणायला गेला तो अजून आला नव्हता. "बायामाणसं हायेत, लेकरं रडून राहिली, भाऊ. कुठी चुरमुरे तरी..."

मी त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. "जेवायला चला."

"मी?"

"सगळे."

त्यानं मला खालून वर पाहिलं. "पैसे किती घेता?"

"मारोतीचे रोडगे आहेत. नवसाचे."

"अख्खी गाडी हाये, भाऊ! पन्नासच्या वर माणूस हाये!"

"अख्खी गाडी चला," मी म्हणालो, आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही.

पांदणीतून ती माणसं येऊ लागली तेव्हा आत्या देवळासमोर उभी होती. ती हसली नाही, रडली नाही. तिनं मारोतीकडे एकदा पाहिलं, एखादं काम वेळेवर केलेल्या सोबत्याकडे पाहावं तसं, आणि लगेच कामाला लागली. "हात धुवा! रांगेत! लेकरं आधी!" तिचा तो मैदानावरचा आवाज परत आला होता. दम कुठं गेला होता मला माहीत नाही.

बसमधली माणसं निरनिराळ्या गावची, निरनिराळ्या जातींची होती. शेतकरी होते, विणकर होते, बांगड्या विकणारं एक मुसलमान जोडपं होतं, पांढऱ्या लुगड्यांतल्या तीन बौद्ध बाया होत्या. त्या बाया थोड्या दूर, बाभळीखाली थांबल्या होत्या. फेटा बांधलेला एक गृहस्थ आत्याजवळ येऊन आवाज उतरवून म्हणाला, "बाई, पंगत कशी बसवाची?" त्याला काय विचारायचं होतं ते सगळ्यांना कळलं. क्षणभर वांगी ढवळणारा हातही थांबला.

आत्या मोठ्यानं म्हणाली, "उंचीप्रमाणं."

"काय?"

"उंचीप्रमाणं! बुटके समोर, उंच मागं. कवायत नाही केली का कधी? तुम्ही उंच हाये, तिकडं शेवटी बसा. ओ बाई, तुम्ही तिघी इकडं या, त्या बांगड्यावाल्याच्या बाजूले. चाला, ऊन उतरून राहिलं!"

आधी एक पोट्टं हसलं, मग ड्रायव्हर हसला, मग सगळी पंगत हसली. फेटेवाला गृहस्थ शेवटी जाऊन बसला. त्याच्या एका बाजूला ड्रायव्हर होता आणि दुसऱ्या बाजूला एक उंच विणकर. तीन बायांपैकी थोरलीनं बसताना आत्याला हात जोडले. आत्यानं तिचे हात धरून खाली केले आणि पत्रावळीवर तूप ओतलं. मी त्या क्षणी जितका ताठ उभा होतो तितका पुढे कधी उभा राहिलो असेन असं वाटत नाही. ही माझी आत्या, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण सांगायची गरज नव्हती.

वाढायला सगळं उपाशी गाव होतं. सखारामबुवा स्वतः निखाऱ्यातून रोडगे काढून राख झटकत होते. तुपाचा वास त्यांच्या नाकात जात असेल, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. कोणीतरी थट्टा केली, "बुवा, एखादा तुकडा! विठोबा तिकडं पाहून राहिला." बुवा म्हणाले, "तो तिकडं पाहते, पण हा मारोती इकडं पाहते ना!" लोकांनी पोटभर खाल्लं, मागून मागून खाल्लं. शेवटी आम्ही बसलो. आत्यानं सगळ्यांत शेवटी रोडगा फोडला. दोन दिवसांची उपाशी होती ती.

टोपलं रिकामं झालं. किती माणसं जेवली आणि किती रोडगे झाले, याचा मेळ मी रात्री घरी घालून पाहू लागलो होतो. पण मी तो अर्ध्यावर सोडून दिला. बस नाल्यावर तुटली ती पाटा जुना होता म्हणून. धूर दिसला तो गोवऱ्या पेटल्या होत्या म्हणून. प्रत्येक गोष्टीला तिचं कारण आहे, आणि मला त्यांतलं एकही खोडायचं नाही. निघताना बांगड्यावाल्याची बायको आत्याला म्हणाली, "अम्मा, आपको अल्लाने भेजा." आत्या तिला म्हणाली, "नाही वं, आम्ही तर तुमची वाट पाहून राहिलो होतो." दोघींचंही खरं होतं असं मला वाटतं.

मेटॅडोरमध्ये परत येताना आत्या माझ्या पत्नीच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. मी विचारलं, "फिटला ना नवस?"

"फिटला," ती म्हणाली. मग डोळे न उघडता म्हणाली, "पण गाव उपाशी राह्यलं गा, बाबू. ज्यांनी हात भाजून घेतले तेच उपाशी राह्यले."

पुढच्या दिवाळीआधी ती गेली. फार दुखणं नाही, एका दुपारी झोपेतच. बातमी बर्डीवर कशी पोहोचली कोण जाणे, पण अंगण बायकांनी भरून गेलं. तिच्या विद्यार्थिनी होत्या त्या. कोणी आजी झालेल्या, कोणी नोकरीवरून तशाच आलेल्या. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. भटजींनी तसं सांगितलंही. त्यांतली एक पुढे आली आणि म्हणाली, "बाईंनी आम्हाले मागं राहाले शिकवलंच नाही." घरापासून रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांनी खांदा दिला, आणि मग घाटापर्यंत चालत आल्या. पाठी सरळ ठेवून. मी माझ्या पायानं पुढे चालत होतो.

मार्गशीर्षात मी पुन्हा त्या गावाला गेलो. या वेळी कॅलेंडर सखारामबुवांना विचारून पाहिलं, आणि दिवस धरला तो भागवत एकादशीनंतरचा, द्वादशीचा, म्हणजे गावाच्या पारण्याचा. वार कोणता आला ते पाहिलं नाही. पीठ पुन्हा पाच पायल्या. मला अजून ठामपणे सांगता येत नाही की देव आपल्या पायात लक्ष घालतो की नाही. पण त्या पांदणीत मी एक गोष्ट शिकलो. आपण आपले रोडगे भाजायचे, आणि सांगितलं तिथं जाऊन उभं राहायचं. त्यापुढचं ओझं आपल्या डोक्यावरचं नसतं. ते मी इतकी वर्षं उगाच वाहत होतो. ते उतरल्याबद्दल मी आत्याचा आणि त्या मारोतीचा ऋणी आहे, आणि दोघांपैकी कोणाचा जास्त हे मी ठरवायला जात नाही.

रोडगे भाजून झाले. बुवांनी पहिला रोडगा पत्रावळीवर घेतला, मारोतीपुढे ठेवला आणि वळून मला विचारलं, "भाऊ, नवस कशाचा हाये? देवाले काय सांगू?"

मी विचार केला. घरात अडचणी होत्या, प्रत्येक घरात असतात. मुलाची परीक्षा होती, पत्नीचे गुडघे दुखत होते. पण तिथं उभं राहून मागावं असं काही सुचलं नाही.

"काही नाही, बुवा. गाव जेवू द्या."

बुवा देवाकडे वळले आणि एखाद्या शेजाऱ्याला हाक मारून निरोप द्यावा तसे मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं का गा? काही नाही म्हणते. गाव जेवू दे म्हणते." आणि सगळं गाव जेवायला बसलं.